नगरचे पाणी

१८३१ सालच्या डिसेंबरात ग्रेव्हज, रीड आणि हर्वे हे तीन अमेरिकन मिशनरी मुंबईहून घाट चढून अहमदनगरला आले. त्यांच्याबरोबर एक मराठी ब्राह्मण होता, बाबाजी. निजामशाहीचे हे जुने शहर इंग्रजांच्या ताब्यात येऊन तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. किल्ल्यात गोरी पलटण होती, गावात पेठा होत्या आणि भोवती कोरडवाहू खेडी पसरली होती. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ पासून मुंबईत काम केले होते, पण तिथल्या दमट हवेत माणसे टिकत नव्हती. नगरची कोरडी हवा मानवेल, असा हिशेब होता.

हिशेब लगेच चुकला. हर्वे पाचच महिन्यांत पटकीने गेला. पुढच्या वर्षी, १८३३ मध्ये, पटकीने बाबाजीलाही नेले. हॉलिस रीडने पुढे अमेरिकेत परतल्यावर बाबाजीचे चरित्र लिहिले आणि ते १८३६ मध्ये न्यूयॉर्कला छापले गेले. नगरच्या मातीत गेलेल्या एका मराठी माणसाची हकिकत अशी आधी परदेशात वाचली गेली. बाबाजी आंधळ्या-पांगळ्यांच्या, महारोग्यांच्या, म्हणजे गावाने टाकून दिलेल्या माणसांच्या आश्रमात जाऊन उपदेश करी. नगरच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत त्या आश्रमातली माणसे होती. ज्या ब्राह्मणाने उभ्या जन्मात महाराची सावली टाळली असेल, तो आता त्याच्याच शेजारी बसून प्रभुभोजनाचा प्याला ओठाला लावत होता.

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाकडे बहुतेक वेळा दोन टोकांवरून पाहिले जाते. एका बाजूला मिशनचे अहवाल आहेत: किती शाळा, किती बाप्तिस्मे, किती मंडळ्या. दुसऱ्या बाजूला ‘पोटासाठी बाटले’ हा शेरा आहे. दोन्हींतून एक गोष्ट निसटते. त्या काळात या मुलखात श्रद्धेची कसोटी लागत असे ती पाण्यापाशी. माणूस कुणाच्या हातचे पाणी पितो आणि कुणाच्या पंक्तीला बसतो, यावर त्याचे सारे नाते-गोते उभे होते. प्रवचन लांब उभे राहून ऐकता येते. येशूच्या कथा आवडल्या तर ओसरीवर बसून खुशाल वाचता येतात. सामायिक प्याला मात्र लांबून पिता येत नाही.

अमेरिकन मिशनने या बाबतीत तडजोड केली नाही. दक्षिणेत काही ठिकाणी ख्रिस्ती झालेल्या वरच्या जातींसाठी देवळात वेगळी बैठक आणि वेगळी पंगत चालवून घेतली जात होती. नगरमध्ये तसे चालणार नव्हते. १८३९ च्या सुमारास हरिपंत खिस्ते ख्रिस्ती झाले, त्यांच्यामागून त्यांचे भाऊ नारायण. काही वर्षांनी रामकृष्णपंत मोडक आले. ही पंत मंडळी लिहिती-वाचती होती. तिकडे मुंबईत काय चालले आहे हे त्यांच्या कानावर नसेल असे नाही. १८४३ मध्ये नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतीला, कोर्टाने मिशनऱ्यांकडून काढून आईबापांच्या स्वाधीन केले. श्रीपतीचा बाप्तिस्माही झाला नव्हता. तो केवळ मिशनऱ्यांच्या घरी राहिला-जेवला होता. तरी त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर मुंबई-पुण्याचे शास्त्री हमरीतुमरीवर आले. बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या शुद्धीच्या बाजूने उभे राहिले, तर त्यांनाही त्रास झाला. एका पोराच्या चार जेवणांनी सारी मुंबई ढवळून निघाली. आता खिस्ते आणि मोडक यांनी महारांबरोबर रोजचा व्यवहार मांडला, तेव्हा नगरच्या पेठांत काय झाले असेल याची कल्पना करता येते.

बाप्तिस्मा म्हणजे वारसा जाणे, असेही होते. १८५० च्या कायद्याने धर्म बदलला म्हणून वडिलार्जित हक्क जाणार नाही, असे ठरले. पण कायदा वाटणीपुरता होता. माहेरी नेलेली बायको कायद्याने परत येत नव्हती, न्हावी हजामत करायला येत नव्हता, आणि आईने वाढलेले ताट तर कुठलेच कोर्ट देऊ शकत नव्हते. धैर्य हा शब्द आपण लढाईसाठी राखून ठेवतो. आपल्याच घरी अंगणात, वेगळ्या भांड्यात पाणी घेणे आणि ते पिऊन शांतपणे निघून येणे, यालाही धैर्य लागते.

१८५४ मध्ये हरिपंत आणि रामकृष्णपंत या दोघांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली आणि नगरच्या दोन मंडळ्या त्यांच्या हाती सोपवल्या गेल्या. ही घटना जितकी धार्मिक आहे तितकीच सामाजिक. मंडळीत बहुसंख्य महार आणि मांग. त्यांच्या घरी जाऊन आजाऱ्यासाठी प्रार्थना करायची, मयताला खांदा द्यायचा, लग्न लावायचे. जुन्या व्यवस्थेत ब्राह्मण ज्यांच्या दारी कधीच गेला नसता, त्यांचेच उपाध्येपण या दोघांनी पत्करले.

याच काळात नगर आणखी एका कारणासाठी महाराष्ट्राच्या कामी आले. सिंथिया फॅरार नावाची अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईला आली आणि १८३९ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८६२ पर्यंत, नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवत राहिली. जोतीराव फुल्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नगरला नोकरीस होते. त्यांच्याबरोबर जोतीरावांनी फॅरारबाईंच्या शाळा पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात शाळा उघडली. सावित्रीबाईंचे शिक्षक-प्रशिक्षणही फॅरारबाईंकडे झाल्याचे सांगतात. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. फॅरारबाईंच्या कामाचे मोल त्याने कमी होत नाही, उलट वाढते, असे मला वाटते. बाप्तिस्म्याच्या वहीत ज्याची नोंद होणार नाही असे पीक त्यांनी पेरले.

आता खेड्यांकडे. नेवासे, राहुरी, शेवगाव, पारनेर या भागांत मिशनऱ्यांचे तंबू हिवाळ्यात फिरू लागले. सॅम्युएल फेअरबँक १८५७ पासून वडाळ्याला ठाण मांडून बसले. ते शेतीत रमत, पक्षी निरखत आणि मराठी उपासनागीतांच्या खटपटीत असत. त्यांच्यासारख्यांमुळे ‘मिशनसाहेब’ हा खेड्यातल्या बोलण्याचा भाग झाला. पण खेड्यात काम उभे राहिले ते मराठी मास्तरांच्या, पाळकांच्या आणि घरोघर फिरणाऱ्या बायबल बायांच्या जिवावर. महारवाड्याच्या कडेला एक खोली, तीच शाळा, रविवारी तेच देऊळ. मास्तर बहुधा त्याच समाजातला, मिशनच्या शाळेत दोन-चार वर्षे काढलेला, तुटपुंज्या पगारावर बदलीच्या गावी बैलगाडीतून संसार हलवणारा. त्याचे नाव कुठल्याही ग्रंथात नाही.

महाराला पाण्याचा प्रश्न उलट बाजूने भेटत होता. ब्राह्मणाला ख्रिस्ती झाल्यावर विहीर बंद होई, महाराला ती आधीपासूनच बंद होती. त्याला वेगळी किंमत मोजावी लागे. गावकीची कामे, वर्दी पोचवणे, मेलेले जनावर ओढणे, जत्रेत वाजवणे, देवीच्या रेड्यापुढे उभे राहणे, या कामांवरच त्याचे बलुते मिळत होते. ‘आता देवापुढे वाजवणार नाही’ असे त्याने म्हटले की पाटील सुगीचे धान्य रोखून धरी. म्हणजे एका रविवारच्या बाप्तिस्म्याने वर्षाची भाकरी धोक्यात येई. पोटासाठी बाटले म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेले दिसत नाही, की पुष्कळांच्या बाबतीत बाटणे हेच पोटावर पाय आणणारे होते.

तरीही दुष्काळ टाळून हा इतिहास सांगता येत नाही. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळली. नगर जिल्हा आधीच अवर्षणाचा. मिशनने धान्य वाटले, कामे काढली, अनाथ पोरे ठेवून घेतली, आणि त्यानंतरच्या वर्षांत बाप्तिस्म्यांची संख्या झपाट्याने वाढली. याच सुमारास इंग्लंडच्या चर्चचे मिशनही जिल्ह्यात आले आणि राहुरीजवळ केंदळला कॅथॉलिकांचे काम सुरू झाले. एकाच महारवाड्यात तीन पंथ ओढाताण करू लागले, हे काही भूषणावह नव्हते. आलेल्यांपैकी काही पाऊस पडल्यावर परतलेही. पण राहिले त्यांची नातवंडे आज जिल्हाभर शिक्षक आहेत, परिचारिका आहेत. आणि उपाशी माणसाने देवावर ठेवलेला विश्वास पोटभर जेवलेल्याच्या विश्वासाहून हलका धरावा, असे शास्त्र कुठे आहे?

या गर्दीत मिशनच्या घरातही वाद पेटला. रॉबर्ट ह्यूम मुंबईतच जन्मलेले, १८७४ पासून इथे काम करणारे. नगरला त्यांनी धर्मशिक्षणाची शाळा १८७८ मध्ये सुरू केली. १८८६ मध्ये रजेवर अमेरिकेत गेले असता एका भाषणात ते बोलून गेले, की ज्यांनी ख्रिस्ताचे नावही ऐकले नाही त्यांना मरणानंतर संधी मिळणारच नाही असे आपण छातीठोक सांगू नये. त्यांच्या डोळ्यांसमोर दुष्काळात मेलेली नगरची माणसे नसतील, असे मानणे कठीण आहे. बोस्टनच्या मंडळाने त्यांना परत पाठवायलाच नकार देण्याचा घाट घातला. ह्यूम मागे हटले नाहीत. अखेर १८८७ मध्ये ते नगरला परतले आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात पुन्हा रात्रंदिवस राबले, त्याबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. आपल्याच धर्मपीठापुढे न झुकणाऱ्या या माणसाच्या शाळेत पुढे एक मराठी कवी शिकवायला आला.

नारायण वामन टिळक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, जन्म १८६१ चा. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना बायबल दिले, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथून ते नगरला आले. टिळकांचे धर्मांतर प्रसिद्ध आहे, पण मला त्यांच्यापेक्षा त्यांच्या बायकोची वाट अधिक खरी वाटते, कारण ती फार लांबची होती.

लक्ष्मीबाई जलालपूरच्या गोखल्यांच्या, नाशिकजवळ गोदाकाठच्या. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ मध्ये फाशी झाली आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याच्या आहारी गेले. घरात बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घ्यावे लागे. मीठ धुतले तर उरणार किती, हा विचारही कुणी करायचा नाही. ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाईंनी हे सारे हसत-हसत लिहिले आहे, पण ज्या पोरीचे बालपण विटाळाच्या धाकात गेले, तिचा नवरा एक दिवस ख्रिस्ती झाला, हे लक्षात घेऊन पुढचे वाचायला हवे. बातमी कळली तेव्हा त्यांची शुद्ध हरपली. घरच्यांना त्या जिवाचे काही करतील अशी भीती वाटली. मुलगा दत्तू तीन-चार वर्षांचा. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. नातेवाइकांकडे, कधी नाशिकला, कधी पंढरपूरला बहिणीच्या घरी, त्यांनी वर्षे काढली. मन रमवायला त्या स्वतःशी कविता जुळवू लागल्या, आणि मराठीला एक कवयित्री मिळाली ती या दुःखातून.

काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे आल्या, ते धर्म बदलायला नव्हे. नगरला मिशनच्या आवारात त्या सोवळे सांभाळून राहिल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. बळजबरी करणार नाही असा शब्द टिळकांनी दिला होता, तो ते पाळत राहिले. इथे मला टिळकांचेही कौतुक वाटते. तापट माणूस, घटकेत पेटणारा आणि घटकेत विझणारा, पण या एका बाबतीत त्यांनी कमालीचा संयम ठेवला. एका छपराखाली दोन चुली, आणि दोन्हींच्या मध्ये एक मूल दोन्हीकडे जेवणारे!

मग प्लेग आला, दुष्काळ आला. टिळकांचे घर अनाथ पोरांनी भरू लागले. पोर दारात उभे राहिले की जात विचारून त्याला खाऊ घालणारी बाई लक्ष्मीबाई नव्हती. पण त्या स्वतः अजून कुणाच्या हातचे घेत नव्हत्या. राहुरीला मुक्काम असताना त्यांच्या मनात हा गुंता सुटला. देवाने स्त्री आणि पुरुष निर्माण केले, जाती माणसांनी केल्या, असा विचार त्यांना रस्त्यावर बसल्या-बसल्या सुचला. कुणी पंडिताने समजावले नव्हते, कुठल्या मिशनऱ्याने वाद घातला नव्हता. त्या घरी आल्या आणि आजपासून कुणाच्याही हातचे खाईन-पिईन, असे त्यांनी जाहीर केले.

नीट पाहिले तर त्या आधी जातीतून बाहेर पडल्या आणि मग ख्रिस्ती झाल्या. पाण्याचा प्रश्न सुटल्यावर बाप्तिस्मा १९०० मध्ये राहुरीतच झाला, आणि तेव्हा त्यांना कुणाच्या मागे ओढले गेल्याची भावना नव्हती. आज्ञापालन म्हणजे नवऱ्याचे ऐकणे, असा त्या काळचा सरळ अर्थ होता. लक्ष्मीबाईंनी पाच वर्षे नवऱ्याचे ऐकले नाही आणि मगच देवाचे ऐकले. पुढे नगरला प्लेगने मिशनच्या शाळेतल्या मुली आजारी पडल्या, तेव्हा त्यांच्या शुश्रूषेला त्या राहिल्या. ज्या बाईला कुणाच्या हातचे पाणी वर्ज्य होते, ती आता महारामांगांच्या पोरींच्या तोंडाला पाणी लावत होती. प्लेगच्या गाठीला हात लावायला सख्खे नातेवाईकही धजत नसत, हे सांगायला नको.

टिळकांच्या नगरच्या घरी माणसांची वर्दळ असे. बालकवी ठोंबरे तिथे काही काळ राहिले, कवितेच्या वेडापायी. १९०४ मध्ये टिळकांना पाळकाची दीक्षा मिळाली, पुढे ते ‘ज्ञानोदया’चा मराठी भाग सांभाळू लागले. हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरमध्येच जन्मलेले, पुढे मुंबईला गेलेले. नगरच्या ख्रिस्ती मंडळीत कीर्तनाची परंपरा आधीच रुजली होती. १८६० च्या दशकापासून कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी टाळ-चिपळ्या घेऊन येशूच्या कथा गायल्या. नेवाशात ज्ञानेश्वरी जन्मली तो हाच जिल्हा, त्यामुळे ओवी-अभंग इथल्या ख्रिस्ती माणसाला परका वाटण्याचे कारणच नव्हते. तुकोबांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणले असे टिळक सांगत. (नगरच्या ख्रिस्ती घरातले शाहू मोडक १९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’ चित्रपटात ज्ञानेश्वर झाले आणि लोकांनी त्यांना हात जोडले. या जिल्ह्यात तरी हे नवल नव्हे.)

पण मिशनच्या पेहरावाखाली टिळकांचा जीव गुदमरू लागला होता. पगार मिशनचा, निर्णय साहेबांचा, चर्चमधला सूर परदेशी. देवाची आज्ञा आणि मिशनच्या मंडळाचा ठराव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ते उघड म्हणू लागले. १९१७ मध्ये त्यांनी नोकरी सोडली, संन्यास जाहीर केला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. वय पंचावन्न उलटलेले, हातात पैसा नाही, प्रकृती ढासळलेली. बावीस वर्षांपूर्वी ज्या माणसाने जात सोडली, त्याने आता मिशनची सावलीही सोडली, आणि दोन्ही वेळा कारण एकच दिले, की देव बोलावतो आहे. घरात कुणाला हे सुखाचे वाटले असेल असे मला वाटत नाही. भाजीला पैसे कुठून आणायचे हा प्रश्न लक्ष्मीबाईंचा होता, दरबाराचा नव्हे.

हा प्रयोग दोनच वर्षे चालला. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे, ख्रिस्ती रिवाज बाजूला ठेवून, दहन झाले आणि अस्थी नगरच्या ख्रिस्ती स्मशानात आणून ठेवल्या.

लक्ष्मीबाई त्यानंतर जवळजवळ सतरा वर्षे जगल्या. त्यांनी १९३३ मध्ये नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले, आणि त्यांची ‘स्मृतिचित्रे’ ‘संजीवनी’ या नियतकालिकात येऊ लागली तेव्हा मराठी वाचक चकित झाला. टिळकांनी येशूच्या चरित्राचे ‘ख्रिस्तायन’ ओवीबद्ध लिहायला घेतले होते आणि दहा-अकरा अध्यायांवर ते थांबले होते. पुढचे साठहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.